रक्तशुद्धीचे यंत्र आणि आयुष्याची मोजणी

मूत्रपिंडे निकामी झाली, आता डायालिसिसवाचून गत्यंतर नाही, असे डॉक्टरांनी सांगितले की घरातील मंडळींच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हाच, की आता वर्षे किती? घर कोलशेतच्या खाडीकाठचे असो की मुंबईचे, प्रश्न बदलत नाही. मात्र या प्रश्नास ‘वर्षे’ असे उत्तर देता येऊ लागल्यास अद्याप शतकही लोटलेले नाही.

जर्मन फौजांनी व्यापलेल्या हॉलंडात 1943 साली डॉ. विलेम कोल्फ यांनी सेलोफेनची नळी फिरत्या पिंपाभोवती गुंडाळून रक्त शुद्ध करणारे यंत्र सिद्ध केले. आरंभीचे बहुतेक रोगी दगावले. 1945 मध्ये एक वृद्ध स्त्री वाचली, पण ती तिची मूत्रपिंडे पुन्हा चालू झाली म्हणून. ज्यांची कायमची गेली त्यांस यंत्र फार दिवस तारू शकत नसे, कारण प्रत्येक खेपेस नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. 1960 मध्ये सिॲटलच्या डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायम राहणारी टेफ्लॉनची नळी बसवून ही अडचण दूर केली. त्यांचा पहिला रोगी क्लाइड शील्ड्स पुढे अकरा वर्षे जगला.

आपल्याकडे हा उपचार घरोघरी ठाऊक झाला तो जयप्रकाश नारायण यांच्यामुळे. आणीबाणीतील बंदिवासातून सुटल्यावर, नोव्हेंबर 1975 मध्ये, मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निष्पन्न झाले. वय 73. यंत्रासाठी लोकांनी वर्गणी जमविली. पंतप्रधानांच्या निधीतून आलेली रक्कम त्यांनी परत केली. त्या यंत्राच्या आधारावरच 1977 चे सत्तांतर त्यांनी घडवून आणले. मार्च 1979 मध्ये लोकसभेत त्यांच्या निधनाची चुकीची वार्ता जाहीर झाली, तेव्हा ते जसलोकमध्ये जिवंत होते! 8 ऑक्टोबर 1979 रोजी पाटण्यास त्यांचा अंत झाला. यंत्राने त्यांस सुमारे चार वर्षे दिली.

हे माप सर्वांस लागू नाही. वय, हृदय आणि मधुमेह यांवर पुष्कळ अवलंबून असते. तरुण रोगी दशकानुदशके जगल्याची उदाहरणे आहेत. तथापि आठवड्यातून तीनदा, सुमारे चार-चार तासांचा उपचार न चुकणे, हे आयुष्याच्या हिशेबातील मोठे कलम होय. 2016 पासून गरिबांसाठी सरकारी योजना आहे. पण जाण्यायेण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी रोग्याच्याच माथी राहते. जयप्रकाशांच्या यंत्रासाठी लोक पुढे आले होते. कोलशेतच्या एखाद्या मजुराची वर्षे किती, हे त्याच्या मूत्रपिंडांइतकेच त्याच्या पाठीशी कोण उभे आहे यावरही ठरते.