दिंडी चालली नाही ती दोन वर्षे



स्मरणिकेच्या मंडळींनी आम्हाला सांगितलं, "बुवा, साथीच्या दोन वर्षांचा इतिहास तुम्ही लिहा. त्या काळात तुम्ही गिरगावात होता." आम्ही म्हटलं, आमची शाळा चौथीपर्यंत, इतिहासाला सनावळ्या लागतात. ते म्हणाले, "सनावळ्या आम्ही तपासू, तुम्ही घडलं ते मांडा." म्हणून हे धाडस केलंय. चुकलं-माकलं पदरात घ्यावं.

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. दिंडी गावची तितकीच गिरगावची. आपल्या जुन्नरकडची माणसं पोटामागे मुंबईला गेली. कोणी डबे पोचवले, कोणी हमाली केली, कोणी गिरणीत लागलं. डबेवाल्यांचं काम १८९० पासूनचं. त्यात मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नरची माणसं, आणि त्यातली बहुतेक वारकरी. गळ्यात माळ, डोक्यावर टोपी, एकादशीला उपास. गिरगावच्या चाळीतल्या एका खोलीत दहा-पंधरा जण राहायचे. त्याच खोलीत एकादशीचं भजन व्हायचं आणि तिथूनच आषाढीला आळंदीची वाट धरायची.

पण साथीची गोष्ट सांगायची तर २०२० च्या फार मागं जावं लागतं.

१८९६ च्या भादव्यात मुंबईला मांडवीकडे गाठीचा ताप निघाला. डॉक्टर व्हिएगस यांनी तो प्लेग आहे असं ओळखलं. पुढच्या चार-पाच महिन्यांत निम्म्याच्या आसपास शहर रिकामं झालं. सरकारनं १८९७ साली साथरोगाचा कायदा काढला. घरं तपासली, माणसं उचलून नेली, रेल्वेच्या उतारूंची तपासणी सुरू केली. ऐका गंमत, २०२० साली सरकारनं जो कायदा लावला तो हाच, सव्वाशे वर्षांपूर्वीचा.

आमचे पणजोबा तेव्हा गिरगावात हमाली करायचे. आजोबा सांगत, कल्याणला स्टेशनावर माणसं अडवतात हे कळल्यावर ते रेल्वेच्या वाटेला गेलेच नाहीत. मुरबाडवरून नाणेघाट चढून पायी गावाला आले. २०२० मध्ये नाशिकच्या रस्त्यानं डोक्यावर बोचकी घेऊन माणसं चालताना दिसली, तेव्हा आम्हाला पणजोबांची आठवण झाली.

त्या प्लेगातच हाफकिन साहेबांनी मुंबईत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था ती त्यांच्या नावाची. पुण्याला सावित्रीबाई फुले प्लेगच्या आजाऱ्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ ला गेल्या. १८९८ मध्ये मुंबईत सुधार ट्रस्ट झाला. दाट वस्तीत वारा खेळावा म्हणून त्यांनी रुंद रस्ते काढले. गिरगाव चौपाटीकडे जाणारा सँडहर्स्ट रोड, आताचा सरदार वल्लभभाई पटेल रोड, त्यातलाच. आपली माणसं त्या रस्त्यानं रोज डबे घेऊन जात, पण तो कोणत्या दुखण्यातून निघाला हे कोणाच्या ध्यानात नसायचं.

मग १९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझा. जूनमध्ये मुंबईत आली आणि नवरात्राच्या सुमाराला तिनं घात केला. त्याच साली पाऊसही दगा देऊन गेला. एकीकडे ताप आणि एकीकडे दुष्काळ. आजोबा सांगायचे, गावात तिरडी उचलायला चार खांदे मिळत नव्हते. त्यातून वाचले ते काही जण गिरगावच्या त्या खोलीत बसले आणि म्हणाले, आपण का राहिलो ते देवाला ठाऊक, पण राहिलोय तर त्याचं काही देणं लागतो. पुढं काही वर्षांनी वीणा उभी राहिली. म्हणजे आपली दिंडी वाचलेल्या माणसांनी काढलेली आहे. हे आम्ही लहानपणापासून ऐकत होतो. पण ऐकणं वेगळं आणि उमजणं वेगळं.

पटकीचं तर विचारूच नका. वडील सांगत, त्यांच्या तरुणपणी टोचून घेतल्याशिवाय पंढरीत शिरू देत नसत. दंडावर सूज घेऊन माणसं कळसाला हात जोडत.

आता २०२० चं. फाल्गुनातल्या वद्य एकादशीचं कीर्तन करायला आम्ही गिरगावला थोरल्या मुलाकडं गेलो होतो. दोन दिवसांत परतायचं होतं. गावाला उन्हाळी कांदा काढणीला आला होता. पण १७ मार्चला पंढरीचं मंदिर बंद झाल्याचं ऐकलं तेव्हाच मनात चर्र झालं होतं. डबेवाल्यांनी काम थांबवलं आणि बहुतेक गावाला निघून गेले. २२ तारखेच्या रात्रीपासून लोकल बंद. २५ मार्चला गुढीपाडवा. गिरगावात त्या दिवशी मोठी शोभायात्रा निघते, नऊवारी नेसून पोरी मोटारसायकलवर बसतात, ढोल वाजतात. त्या दिवशी खाली रस्त्यावर एक कुत्रं तेवढं आडवं झोपलेलं दिसलं. देशभर टाळेबंदी लागली ती त्याच दिवशी.

आम्ही माणसांच्या चाळीत अडकलो आणि आमचा कांदा रानात अडकला. घरी आमची मंडळी एकटी. रोज फोनवर आम्ही नुसता त्रागा करायचो. एक दिवस ती म्हणाली, "कांदा काढून झाला. वस्तीवरच्या चौघी सावडीला आल्या. तोंडाला पदर बांधून, लांब लांब वाफे धरून काढला. चाळीत भरलाय." आम्ही विचारलं, मजुरीचं काय? ती म्हणाली, "सावडीला मजुरी असती का?" तिथं आम्ही पहिल्यांदा गप झालो.

मुलगा बेस्टमध्ये कंडक्टर. सगळी मुंबई घरात बसलेली आणि हा पहाटे चारला ड्युटीवर. दवाखान्यातल्या नर्सा, वॉर्डबॉय, पालिकेची माणसं यांच्यासाठी बेस्टच्या गाड्या चालू होत्या. संध्याकाळी आला की दाराबाहेर बादलीत कपडे भिजवायचे, आंघोळ करायची आणि गॅलरीत सतरंजी टाकून झोपायचं. घरात लहान लेकरू म्हणून. आम्ही त्याला बोललो, "रजा टाक. जीव राहिला तर नोकरी." तो म्हणाला, "आबा, माझी गाडी नाही सुटली तर कस्तुरबाला सिस्टर जाणार कशी?" आम्हाला राग आला. खरं सांगतो, रागच आला. बापाचा जीव, दुसरं काय.

२२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता लोकांनी थाळ्या वाजवल्या होत्या. आम्हीही गॅलरीत उभं राहून टाळ वाजवला. चाळ कौतुकानं पाहत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मजल्याच्या टोकाचे संडास धुवायला नेहमीची बाई आली. गॅलरीतून जाताना सगळ्यांनी आपापली दारं लावून घेतली. आमचंही दार लावलेलं होतं.

ही बाई एक दिवसही चुकली नाही. लोकल बंद, तरी मिळेल त्या बसनं, नाहीतर पायी यायची. एप्रिलच्या मध्यावर एकदा आम्ही दारात उभे होतो. वाटलं, वारीत आपण लहानथोर न पाहता एकमेकांच्या पाया पडतो, मग हिच्या का नाही? लांबूनच जमिनीवर डोकं टेकवलं. ती बिचारी घाबरून मागं सरली. म्हणाली, "महाराज, असलं काही करू नका. माझ्या पाया पडून संडास धुतले जात्यात का? नऊ वाजता नळ जातो. टाकी रिकामी असते. सगळी माणसं आता घरात, पाणी उरत नाही. मला आठ बादल्या भरून ठेवा, म्हणजे झालं."

आम्ही खोलीत येऊन बसलो. तीस वर्षं आम्ही नाथांचं आख्यान लावतोय. पैठणला नाथांच्या घरी प्रत्यक्ष देव श्रीखंड्या होऊन बारा वर्षं कावडीनं पाणी भरत होता, ही कथा सांगताना आमच्याच डोळ्यांना पाणी यायचं, समोरच्या बाया पदर डोळ्याला लावायच्या. आणि आम्ही स्वतः? उभ्या जन्मात घरात पाण्याचा हंडा उचलला नव्हता. विहिरीवरून मंडळी आणायची. इथं सूनबाई पहाटे उठून भरायची. दिंडीत मुक्कामाला पोचलो की हात-पाय धुवायला पाणी तयार असायचं. ते कोणी आणलं हे चाळीस वाऱ्यांत एकदाही विचारलं नाही. देव पाणी भरतो हे आम्हाला गोड वाटत होतं, पण माणूस भरतो ते दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचला उठून आम्ही आठ बादल्या भरायला लागलो. पहिले चार दिवस कंबर धरली. शेतकऱ्याची कंबर, तरी जिने वेगळे आणि बांध वेगळे. आठवडाभरात शेजारचे एक पेन्शनर आले, मग कॉलेजातली दोन पोरं आली. आपसात वार लावून घेतले. कोणी भाषण केलं नाही. बाईनंही आभार मानले नाहीत. फक्त जाताना रिकाम्या बादल्या उलट्या घालून ठेवायची, आत धूळ पडू नये म्हणून. आम्हाला तेवढं पुष्कळ होतं.

तेव्हापासून आम्ही हिशेब मांडायला लागलो. सकाळचा चहा पुढ्यात आला की दूध कोणी आणलं, केंद्रावर तोंड बांधून कोण बसलं, गॅस कोणी खांद्यावर घेऊन तीन जिने चढला. पोळीपाशी कोण, भाजीपाशी कोण. पूर्वी आम्ही ताटावर बसून देवाचं नाव घ्यायचो. आता देवाचं नाव घेताना ही माणसं समोर यायला लागली.

जून आला. १२ तारखेला देहूला आणि १३ ला आळंदीला प्रस्थान झालं, मोजक्या माणसांत. माउलींच्या पादुका आळंदीतच आजोळघरी थांबल्या. चाळीस वर्षांत आमची पायी वारी पहिल्यांदा चुकत होती. रात्री झोप येईना. ३० जूनला, दशमीला, पादुका एसटीत बसून निघाल्या. बरोबर वीस-वीस माणसं. आम्ही टीव्हीपुढं बसून म्हणालो, "काय दिवस आले, देवाला गाडीत बसून जावं लागतंय." मुलगा नुकताच ड्युटीवरून आला होता, गॅलरीतूनच म्हणाला, "आबा, ड्रायव्हरचं नशीब बघा की." त्याच्या आवाजात असं काही होतं की आमचा तीन महिन्यांचा राग उतरला. जो गाडी चालवतो, जो तिकीट फाडतो, तोही भोईच. पालखीला खांदा देणारा मोठा, आणि सिस्टरला कस्तुरबाला पोचवणारा आमचा मुलगा? त्याला आम्ही रजा टाक म्हणत होतो.

१ जुलैला आषाढी. चाळीत ज्यानं त्यानं आपल्या दारात उभं राहून भजन केलं. वीणा दिंडीच्या खोलीतून आणून गॅलरीत धरली. सांवता माळी अरणला आपला मळा सोडून गेले नाहीत, देवच त्यांच्याकडं आला, ही कथा आम्ही त्या दिवशी पाच मिनिटांत सांगितली. एरवी दोन तास लागतात.

ऑगस्टच्या २० तारखेला जिल्ह्याबाहेर एसटी सुरू झाली आणि आम्ही गावी आलो. दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, मंदिरं उघडली. पुढच्या वर्षी दुसरी लाट आली, मंदिरं परत बंद झाली, आषाढीला पादुका परत बसनं गेल्या. त्या चैत्रात आपले विणेकरी गेले. दोन टाळकरी गेले. विणेकऱ्यांच्या मातीला आपल्यातलं कोणी जाऊ शकलं नाही. शेवटची काठी दिली ती पीपीई किट घातलेल्या माणसांनी. त्यांची तोंडंही दिसली नाहीत. आपल्या माणसाला ज्यांनी पोचवलं, त्यांचं आपण काय लागतो? १९१८ ला आजोबांची पिढी ज्या प्रश्नाशी थांबली होती, तिथंच आपण येऊन पोचलो.

२०२२ ला २१ जूनला आळंदीला प्रस्थान झालं आणि परत पायी निघालो. वीणा नव्या गळ्यात होती. मंडळींनी आम्हाला रात्रीच्या कीर्तनांची यादी दाखवली. आम्ही म्हटलं, कीर्तनं तरुणांना द्या, आम्हाला टँकर द्या. त्या वर्षापासून मुक्कामावर पाण्याची नळी आणि फिरत्या संडासांची देखरेख आमच्याकडं आहे. गाडगेबाबा पंढरीत दिवसभर खराटा चालवायचे आणि रात्री कीर्तन करायचे. आम्हाला त्यांच्यातलं अर्धंच जमत होतं, आता दुसरं अर्धं शिकतोय.

या स्मरणिकेत पुढच्या पानांवर विणेकऱ्यांची, चोपदारांची, अध्यक्षांची आणि देणगीदारांची यादी आहे. ती बरोबरच आहे. पण शंभर वर्षांत या दिंडीचं पाणी कोणी भरलं, बैलगाडी आणि पुढं ट्रक कोणी हाकला, भाकरी कोणी थापल्या, गिरगावची खोली कोणी झाडली, यांचं एकही नाव जुन्या वहीत नाही. आम्ही वही तीनदा चाळली.

म्हणून हात जोडून विनंती आहे. ज्यांच्या आज्या-मावश्या, चुलते-मामा या कामात होते, त्यांनी नावं आणि आठवतील ती सालं कागदावर लिहून येत्या कार्तिकीपर्यंत दिंडीत आणून द्यावीत. अक्षराची काळजी करू नये, आमचंही असंच आहे. नवी वही आणून ठेवली आहे. पहिलं पान त्या गिरगावच्या बाईसाठी कोरं सोडलं आहे. चार महिने तिच्यासाठी पाणी भरलं, नाव विचारायचं राहून गेलं. मुलगा विचारून कळवणार आहे.