कर्णजन्य नीलाकोटर अंतर्क्लथन

कर्णजन्य नीलाकोटर अंतर्क्लथन : मध्यकर्णाच्या पूयुक्त शोथाचा (दाहयुक्त सुजेचा) प्रसार कानामागील हाडातून कवटीत होऊन तेथील मोठ्या नीलामार्गात रक्ताची गुठळी होणे, या विकाराला हे नाव आहे. गुठळी बहुधा जंतुसंसर्गित असते. तिचे सुटे झालेले कण रक्ताबरोबर फुप्फुसात व सांध्यांत जाऊन तेथे पू उत्पन्न करतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हा विकार जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरत असे.

कानाच्या पाळीमागे हाताला लागणारा हाडाचा उंचवटा म्हणजे कर्णमूलास्थी. त्याच्या आत मधाच्या पोळ्याप्रमाणे लहानलहान वायुकोशिका असून त्या मध्यकर्णाशी जोडलेल्या असतात. या कोशिकांच्या लगेच मागे, हाडाच्या एका पातळ पत्र्यापलीकडे, मेंदूतील अशुद्ध रक्त वाहून नेणारे नीलाकोटर असते. देवनागरीतील अवग्रहचिन्हाप्रमाणे दुहेरी वळण असल्यामुळे त्याच्या या भागाला ‘अवग्रहाभ’ म्हणतात. पुढे कवटीबाहेर पडून ते गळ्यातील अंतर्ग्रीवा नीलेला मिळते आणि तेथून हृदयाचा मार्ग सरळ असतो. पुवामुळे हाडाचा पत्रा झिजला म्हणजे प्रथम कोटराबाहेर गळू होते, नंतर कोटराच्या भित्तीला सूज येते व तिच्या आतील बाजूस क्लथ (गुठळी) चिकटतो. तो वाढून मार्ग पूर्णपणे बंद करतो. क्लथाचा मध्यभाग जंतूंमुळे नासून त्याचा पू होतो. दोन्ही टोके मात्र पुष्कळदा घट्ट व निरोगी राहतात. म्हणजे ज्या क्लथामुळे रोग्याचा जीव धोक्यात येतो, त्याचीच टोके काही काळ बुचाप्रमाणे संसर्ग अडवून धरतात. शस्त्रक्रियेविषयीचे पुढील बरेचसे वाद या दुहेरी स्वरूपातून उद्‌भवले.

फुटलेला कान आणि मृत्यू यांचा संबंध प्राचीनांना ठाऊक होता. कानाची तीव्र वेदना व सतत चढता ताप असल्यास रोग्याला वात होऊन मृत्यू येण्याची भीती असते, असे हिपॉक्राटीझ यांच्या नावावरील ग्रंथांत नमूद आहे. सुश्रुतांनी २८ कर्णरोग सांगितले असून त्यांत कर्णस्राव व पूतिकर्ण यांचा समावेश आहे. परंतु कार्यकारणाची दिशा दीर्घकाळ उलटीच समजली गेली. पू मेंदूत तयार होतो व कान ही त्याची बाहेर पडण्याची वाट आहे, असा समज यूरोपात शतकानुशतके होता. त्यामुळे वाहता कान बंद करणे धोक्याचे मानले जाई. जोव्हान्नी मोर्गान्ये यांनी १७६१ साली प्रसिद्ध केलेल्या शवविच्छेदनांवरील ग्रंथात, विकाराचा उगम बहुधा कानात असून मेंदू नंतर दूषित होतो, असे प्रतिपादन केले. उपचाराचा विचार खऱ्या अर्थाने शक्य झाला तो येथून. कारण मूळ कानात असेल तरच कानावर शस्त्र चालविण्यास अर्थ होता.

पॅरिसचे शस्त्रक्रियाविशारद झां ल्वी पती (१६७४–१७५०) यांनी कर्णमूलास्थीला छिद्र पाडून पू बाहेर काढला होता. मात्र ही शस्त्रक्रिया रुजण्यापूर्वीच बदनाम झाली. डेन्मार्कचे राजवैद्य बेर्गर यांनी बहिरेपणा व कानातील आवाज यांसाठी ती आपल्यावर करवून घेतली आणि १७९१ मध्ये तिच्यामुळेच त्यांचा मृत्यू झाला. ज्या कारणासाठी ती योजली होती त्यासाठी ती उपयोगी पडणारी नव्हतीच. पण दोष निवडीला न लागता शस्त्रक्रियेला लागला व सु. ऐंशी वर्षे ती जवळजवळ टाकली गेली. या मधल्या काळात डब्लिनचे विल्यम वाइल्ड यांनी कानामागे छेद घेऊन पुवाला वाट करून देण्याची पद्धत रूढ केली. त्यांचे पुत्र, सुप्रसिद्ध नाटककार ऑस्कर वाइल्ड, १९०० साली मस्तिष्कावरणशोथाने मरण पावले व त्याचे मूळ जुनाट कर्णविकारात असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात.

हाल्ले येथील हेर्मान श्वार्ट्‌से (१८३७–१९१०) यांनी १८७३ मध्ये आपल्या सहकाऱ्यासह कर्णमूल उघडण्याची निश्चित कृती व ती केव्हा करावी याचे नियम मांडले. तत्पूर्वी रूडोल्फ फिरखो (१८२१–१९०२) यांनी अंतर्क्लथन व अंतर्कीलन या कल्पना स्पष्ट केल्या होत्या. कानाचा रोगी फुप्फुसातील पुवाने का मरतो, याचा उलगडा त्यामुळे झाला. १८६७ पासून लिस्टर यांच्या जंतुनाशक पद्धतीचा प्रसार होऊ लागल्यावर कवटीला हात घालण्याचे धैर्यही आले. प्राग येथील एमानुएल त्साउफाल यांनी १८८० मध्ये असे सुचविले की, प्रथम गळ्यातील अंतर्ग्रीवा नीला बांधावी आणि मग कोटर उघडून सडलेला क्लथ काढून टाकावा. हृदयाकडे जाणारी वाट आधी बंद करणे, हा यातील मर्माचा भाग होय. १८८०–९० या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये आर्बथनॉट लेन व चार्ल्स बॅलन्स यांना या मार्गाने यश मिळाले. ग्लासगोचे विल्यम मॅक्यूएन (१८४८–१९२४) यांचा मेंदू व मेरुरज्जूच्या पूयजनक रोगांवरील ग्रंथ १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. नीलाकोटर अंतर्क्लथन, मस्तिष्कावरणशोथ व मस्तिष्क विद्रधी (मेंदूतील गळू) ही एकाच उगमाची तीन फळे आहेत, हे त्यात रोगवृत्तांसह दाखविलेले आहे. क्ष-किरणांचाही शोध लागण्यापूर्वी केवळ लक्षणांवरून कवटीतील विकाराची जागा ठरविणाऱ्या या ग्रंथाचे महत्त्व आजही कमी झालेले नाही.

निदान हीच खरी अडचण होती. अभिजात रूपात रोग्याला हुडहुडी भरून ताप झपाट्याने चढतो, नंतर दरदरून घाम येऊन तो उतरतो व काही तासांनी पुन्हा तेच घडते. तापाचा आलेख ओळीने ठोकलेल्या कुंपणाच्या मेखांसारखा दिसतो. दोन चढांमधल्या अवधीत रोगी हुशार, कधीकधी चक्क आनंदी दिसतो व घरच्यांची फसगत होते. हिवतापाच्या प्रदेशात तर ही फसगत वैद्यांचीही होई. म्हणून थंडी वाजून ताप येणाऱ्या रोग्याचा कान वाहतो काय, हा प्रश्न भारतासारख्या देशात विशेष महत्त्वाचा ठरतो. कानामागील भागाच्या पिछाडीला येणारी, ग्रीझिंगर यांच्या नावाने ओळखली जाणारी सूज, गळ्यात नीलेच्या मार्गावर दुखरेपणा, तसेच नेत्रपटलावरील बिंबाची सूज ही लक्षणे निदानाला साहाय्यक होतात. पण त्यांचा अभाव म्हणजे रोगाचा अभाव नव्हे. बॉस्टनच्या टोबी व एअर यांनी १९२५ मध्ये एक कसोटी प्रसिद्ध केली. कमरेच्या मणक्यांत सुई घालून मेरुद्रवाचा दाब मोजीत असताना गळ्यातील नीला एका बाजूची दाबावयाची. निरोगी बाजूस दाब चटकन वाढतो, क्लथ असलेल्या बाजूस वाढत नाही. कसोटी सुबक होती, पण पूर्ण विश्वसनीय नव्हती. कारण दोन्ही बाजूंची कोटरे जन्मतःच सारखी नसतात, बहुधा उजवे मोठे असते. शिवाय मेंदूत गळू असल्यास मेरुद्रव काढणेच घातक होते.

नीला बांधावी की नाही, यावर अनेक दशके मतभेद राहिला. बांधल्याने कणांची एक वाट बंद होते, पण लहान नीलांच्या वाटा उरतात आणि मेंदूतील रक्ताचा निचरा अधिकच खुंटतो, असा आक्षेप होता. निचरा खुंटल्याने कवटीतील दाब वाढतो, ही गोष्ट चार्ल्स सिमंड्झ यांनी १९३१ मध्ये ‘कर्णजन्य जलशीर्ष’ या नावाने वर्णिलेल्या रोग्यांमुळे ठळक झाली.

या वादाचा निकाल शस्त्रक्रियेने लागला नाही. १९३५ नंतर सल्फा औषधे व १९४०–५० या दशकात पेनिसिलीन उपलब्ध झाल्यावर मूळ मध्यकर्णशोथच वेळीच बरा होऊ लागला आणि हा विकार विरळा झाला. मात्र त्याबरोबर त्याचे रूपही पालटले. अपुऱ्या मात्रेत किंवा अर्धवट घेतलेल्या प्रतिजैव औषधांमुळे ताप दबतो, आलेखातील मेखा नाहीशा होतात, पण कोटरातील क्लथ तसाच राहतो. डोकेदुखी, ओकारी, मान आखडणे, क्वचित दुहेरी दिसणे एवढ्यावरच संशय घ्यावा लागतो. मॅक्यूएन यांच्या काळात जो रोग उघडपणे ओळखू येई, तो औषधांच्या युगात लपून येऊ लागला.

संगणकीय छेदचित्रण १९७१ पासून आणि पुढे चुंबकीय अनुस्पंदन चित्रण वापरात आल्यावर ही उणीव बरीच भरून निघाली. रंजकद्रव्य टोचल्यावर क्लथाभोवतीची कोटरभित्ती उजळते व मधला भाग काळा राहून त्रिकोणासारखी आकृती दिसते. टोबी–एअर कसोटी आता इतिहासजमा झाली आहे. उपचारात जंतूंच्या मिश्र संसर्गाला पुरून उरतील अशी प्रतिजैवे नीलेतून दीर्घकाळ देतात आणि कर्णमूलास्थी उघडून रोगट हाड व कोटराभोवतीचा पू काढतात. जुनाट विकारात हाड कुरतडणारी त्वचेसारखी वाढ असल्यास तीही समूळ काढावी लागते. कोटर उघडून क्लथ काढणे आता क्वचितच आवश्यक ठरते व नीलाबंधन त्याहूनही क्वचित. रक्त गोठण्यास विरोध करणारी हेपारीनसारखी औषधे द्यावीत काय, हा प्रश्न अद्याप वादग्रस्त आहे. क्लथ पसरू नये म्हणून अनेक तज्ञ ती देतात; नुकत्याच शस्त्रक्रिया झालेल्या जागेतून रक्तस्राव होईल, या भीतीने काही टाळतात. योग्य उपचार मिळाल्यास मृत्यूचे प्रमाण दहा टक्क्यांहून कमी असते.

ज्या समाजात वाहता कान सर्वसाधारण आहे, तेथे हा विकार अद्याप आढळतो आणि भारत त्यांपैकी एक आहे. लहान मुलाचा कान वाहणे ही वाढत्या वयाबरोबर आपोआप थांबणारी गोष्ट मानून कानात कोमट तेल घालण्याची घरगुती रीत ग्रामीण भागात आहे. मोर्गान्ये यांच्यापूर्वीच्या यूरोपाप्रमाणे येथेही वाहणारा कान हे रोगाचे लक्षण न मानता त्याचा निचरा मानले जाते. दुर्गंधीयुक्त, थोडा पण सतत येणारा स्राव विशेष घातक असतो. त्यात वेदना नसते, म्हणूनच रोगी वैद्याकडे येत नाही. अशा कानाच्या रोग्याला एकाएकी थंडी वाजून ताप आला किंवा डोके असह्य दुखू लागले, तर हिवतापासाठी रक्त तपासताना त्याच वेळी कानाचीही तपासणी करावी लागते.