द ग्रेट गॅट्सबी

द ग्रेट गॅट्सबी : अमेरिकन कथा-कादंबरीकार एफ. स्कॉट फिट्सजेराल्ड (२४ सप्टेंबर १८९६ – २१ डिसेंबर १९४०) याची इंग्रजी कादंबरी. न्यूयॉर्कच्या चार्ल्स स्क्रिब्नर्स सन्स या संस्थेने ती १० एप्रिल १९२५ रोजी प्रसिद्ध केली. पहिल्या महायुद्धानंतरच्या तेजीच्या आणि दारूबंदीच्या काळात, न्यूयॉर्कलगतच्या लाँग आयलंडवर ती घडते. नाव, घराणे, पूर्वायुष्य असे सगळेच नव्याने रचणारा एक तरुण पैशाच्या बळावर वरच्या वर्गात शिरू पाहतो. पैसा त्याला मिळतो, प्रवेश मिळत नाही. या दोहोंमधले अंतर हाच कादंबरीचा गाभा आहे.

पार्श्वभूमी : फिट्सजेराल्डचा जन्म मिनेसोटातील सेंट पॉल येथे झाला. आईच्या माहेरी किराणा मालाच्या घाऊक व्यापारातला पैसा होता, तर वडील धंद्यात आणि नोकरीत अपयशी ठरले. त्यामुळे श्रीमंतांच्या शेजारात राहूनही त्यांच्यातले नसणे त्याला लहानपणापासून परिचयाचे होते. प्रिन्स्टन विद्यापीठात शिकताना शिकागोच्या धनाढ्य घरातील जिनेव्हरा किंग हिच्यावर त्याचे प्रेम जडले, पण ते तडीस गेले नाही. पुढे अलाबामातील न्यायाधीशाची मुलगी झेल्डा सेअर हिने, त्याच्या मिळकतीचा भरवसा नसल्याने, ठरलेले लग्न मोडले. पहिली कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर १९२० मध्ये ते झाले.

१९२२ ते १९२४ या काळात हे जोडपे लाँग आयलंडवरील ग्रेट नेक येथे राहत होते. नाट्य-चित्रपटसृष्टीतल्या आणि नव्याने पैसा केलेल्या लोकांची ही वस्ती. कादंबरीतले ‘वेस्ट एग’ त्यावरून घेतले आहे. खाडीपलीकडच्या जुन्या श्रीमंतांच्या किनाऱ्यावरून ‘ईस्ट एग’ आले. लेखनाचा मोठा भाग १९२४ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर झाला आणि अखेरचे संस्करण रोममध्ये. गॅट्सबी फार धूसर वाटतो, त्याच्या संपत्तीचा उगम निदान सूचित व्हावा, असे संपादक मॅक्सवेल पर्किन्सने सुचवल्यावर फिट्सजेराल्डने त्याचा भूतकाळ तुकड्यातुकड्यांनी कथेत पेरला. कादंबरीसाठी त्याने योजलेल्या नावांपैकी एक ‘ट्रिमाल्कियो’ होते. पेट्रोनियसच्या ‘सॅटिरिकॉन’ या लॅटिन कृतीतला ट्रिमाल्कियो म्हणजे गुलामगिरीतून सुटून गबर झालेला आणि मेजवान्यांचा बडेजाव मिरवणारा यजमान.

कथानक : निवेदक निक कॅरवे हा मध्य-पश्चिमेकडचा सुस्थितीतला तरुण. १९२२ मध्ये तो रोख्यांच्या व्यवसायात शिरण्यासाठी न्यूयॉर्कला येतो आणि वेस्ट एगमध्ये महिना ८० डॉलर भाड्याने लहानसे घर घेतो. शेजारच्या प्रासादतुल्य घरात जे गॅट्सबी राहतो. खाडीपलीकडे निकची नातलग डेझी आणि तिचा नवरा टॉम ब्यूकॅनन राहतात. पाच वर्षांपूर्वी लुईव्हिल येथे लष्करी अधिकारी असताना गॅट्सबीचे डेझीवर प्रेम होते. तो युद्धावर गेला आणि तिने टॉमशी लग्न केले. तिला परत मिळवण्यासाठीच हे घर आणि तिथल्या मेजवान्या आहेत. निकच्या मध्यस्थीने दोघे भेटतात. न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात टॉम सर्वांसमक्ष गॅट्सबीचा धंदा उघड करतो आणि टॉमला सोडण्याचा डेझीचा निश्चय डळमळतो. परतताना गॅट्सबीच्या मोटारीखाली टॉमची प्रेयसी मर्टल विल्सन मरते. मोटार डेझी चालवत असते. दोष गॅट्सबी अंगावर घेतो. मर्टलचा नवरा गॅट्सबीला गोळी घालून स्वतःही मरतो.

संपत्ती : गॅट्सबीचा पैसा दारूबंदीतून आला आहे. अठराव्या घटनादुरुस्तीने जानेवारी १९२० पासून अमेरिकेत दारूची निर्मिती व विक्री बंद झाली आणि ती डिसेंबर १९३३ पर्यंत बंद राहिली. औषधाच्या दुकानांतून मद्यार्क विकणे आणि संशयास्पद रोख्यांचे व्यवहार हे गॅट्सबीचे उद्योग. त्याचा पाठीराखा मायर वुल्फशाइम याच्यामागे १९१९ च्या बेसबॉल विश्वमालिकेच्या सामनेनिश्चितीशी नाव जोडले गेलेला जुगारी आर्नल्ड रॉथस्टाइन आहे. या पात्राच्या ज्यूविरोधी रंगवणीवर पुढे टीका झाली.

हा पैसा सगळ्यांना दिसेल असा खर्च होतो. दर शुक्रवारी न्यूयॉर्कहून संत्र्या-लिंबांचे पाच खोके येतात आणि सोमवारी रस काढलेल्या सालींचा ढीग मागच्या दाराने बाहेर पडतो. टॉमला असा देखावा करावा लागत नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी तो डेझीला साडेतीन लाख डॉलरचा मोत्यांचा हार देतो, पोलोचे घोडे सोबत घेऊन गाव बदलतो, आणि हे कोठून आले असे त्याला कोणी विचारत नाही. वास्तविक टॉमचे घरही विकतच घेतलेले आहे, तेही एका तेलवाल्याकडून. तेव्हा फरक विकत घेण्या-न घेण्याचा नाही. इथे पैशाची रक्कम नव्हे, त्याचे वय मोजले जाते.

वर्ग : ही अदृश्य मोजणी सहाव्या प्रकरणातल्या एका छोट्या प्रसंगात स्पष्ट दिसते. टॉम, स्लोन नावाचा गृहस्थ आणि एक बाई घोड्यांवरून गॅट्सबीकडे थांबतात. बाई त्याला रात्रीच्या जेवणाला बोलावते. आमंत्रण केवळ तोंडदेखले आहे हे निकला कळते, गॅट्सबीला कळत नाही. तो तयार होऊन खाली येईपर्यंत मंडळी निघून गेलेली असतात. शिष्टाचार त्याने पाठ केले आहेत, पण ते कधी खरे मानायचे नसतात हे त्याला शिकवायला कोणी नव्हते. त्याचा गुलाबी सूटही टॉमच्या लेखी असाच पुरावा ठरतो.

दोन्ही ‘एग’ आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये राखेचे मैदान पसरले आहे. क्वीन्समधील कोरोना येथील राखेच्या उकिरड्यावरून ते सुचले. १९३९ चे जागतिक प्रदर्शन पुढे त्याच जागी भरले. तेथे विल्सनचे गॅरेज आहे. मर्टल, विल्सन आणि गॅट्सबी या तिन्ही मृतांचा जन्म खालच्या थरांतला. ब्यूकॅनन मात्र सामान बांधून दुसरीकडे जातात. मोडतोड करून तिची किंमत दुसऱ्याला मोजायला लावणे हीच या वर्गाची खरी मिरास आहे आणि गॅट्सबीला ती कधीच साधत नाही.

स्वतःची घडण : गॅट्सबीचे मूळ नाव जेम्स गॅट्झ. नॉर्थ डकोटातल्या गरीब शेतकऱ्याचा हा मुलगा सतराव्या वर्षी नाव बदलतो. मिनेसोटातील एका लहान महाविद्यालयात खर्चासाठी शिपाईकाम करणे त्याला कमीपणाचे वाटते आणि दोन आठवड्यांत तो ते सोडतो. सुपीरियर सरोवरावर त्याची गाठ खाणींतून कोट्यधीश झालेल्या डॅन कोडीशी पडते. कोडी त्याला निळा कोट, सहा पांढऱ्या विजारी आणि टोपी घेऊन देतो : नव्या माणसाची सुरुवात कपड्यांपासून होते. कोडीने ठेवलेले २५,००० डॉलर मात्र त्याच्या हाती लागत नाहीत.

मृत्यूनंतर वडील त्याच्या लहानपणीच्या पुस्तकात लिहिलेला १९०६ चा दिनक्रम दाखवतात. पहाटेचा व्यायाम, विजेचा अभ्यास, वक्तृत्वाचा आणि ऐटीत वावरण्याचा सराव असे सारे तासांनुसार मांडलेले आहे. आठवड्याच्या बचतीतले पाच डॉलर खोडून तीन केले आहेत. बेंजामिन फ्रँकलिनच्या आत्मचरित्रातील आत्मसुधारणेच्या वेळापत्रकाची ही छाया आहे. कष्टाने कोणीही वर येतो या राष्ट्रीय श्रद्धेला गॅट्सबीने शब्दशः मानले. त्याची शोकांतिका अप्रामाणिकपणाइतकीच या भाबडेपणातून येते. ग्रंथालयातली पुस्तके खरी आहेत पण त्यांची पाने कापलेली नाहीत, हे एका पाहुण्याला आढळते. गॅट्सबीची सोंगेही बहुधा अशीच, अर्धी खरी असतात : ऑक्सफर्डला तो गेला होता, परंतु युद्धानंतर सैनिकांना मिळालेल्या संधीमुळे आणि केवळ पाच महिने.

स्वागत आणि प्रभाव : पहिली आवृत्ती २०,८७० प्रतींची होती. टी. एस. एलियटने कादंबरीची मुक्त प्रशंसा केली, पण विक्रीने लेखकाची निराशा केली. त्याच्या मृत्यूनंतर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना वाटलेल्या सुमारे दीड लाख प्रतींनी तिला नवे वाचक मिळाले आणि १९५० नंतर ती अभ्यासक्रमांत स्थिरावली. तिच्यावर १९२६, १९४९, १९७४ आणि २०१३ मध्ये चित्रपट निघाले. शेवटच्यात वुल्फशाइमची भूमिका अमिताभ बच्चनने केली. १ जानेवारी २०२१ पासून अमेरिकेत ती स्वामित्वहक्कातून मुक्त आहे.

२०१२ मध्ये अमेरिकन अर्थतज्ज्ञ ॲलन क्रूगर याने ‘ग्रेट गॅट्सबी वक्र’ ही संज्ञा रूढ केली. ज्या देशात विषमता अधिक, तेथे मुलांची मिळकत आईवडिलांच्या मिळकतीवर अधिक अवलंबून असते, असे हा आलेख दाखवतो. गॅट्सबी मात्र मिळकतीच्या शिडीवर तळापासून माथ्यापर्यंत पोचलेला आहे. त्याला अडवणारी भिंत मिळकतीच्या आकड्यांत दिसतच नाही. त्यामुळे आलेखाने नाव फिट्सजेराल्डकडून घेतले असले, तरी कादंबरीचा प्रश्न आलेख जेथे थांबतो तेथून पुढे सुरू होतो.