नाना फडणवीस यांचे तैलचित्र
स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स (१७४७–९५) याने पुणे दरबारात १७९२ मध्ये रंगवलेले तैलचित्र. त्यात सवाई माधवराव पेशव्यांसोबत त्यांचे कारभारी नाना फडणवीस (१७४२–१८००) आहेत. ब्रिटिश वकील चार्ल्स मॅलेटमुळे वेल्सला दरबारी प्रवेश मिळाला. नानांची कारकीर्द धामधुमीच्या काळातली: नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर (१७७३) पेशवाईत गृहकलह पेटला. पेशवेपद हवे असलेल्या रघुनाथरावांनी सुरतेच्या तहाने (१७७५) साष्टी व वसई इंग्रजांना देऊ केली. नानांच्या बारभाई या कारभारी गटाने रघुनाथरावांना विरोध केला. सालबाईच्या तहाने (१७८२) वसई मराठ्यांना परत मिळाली. नानांच्या मृत्यूनंतर दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईलाच इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. मुत्सद्दी नानांची समकालीन छबी जपणारे हे चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे.