गोदीतले चेहरे

'ऑन द वॉटरफ्रंट' हा अमेरिकन गुन्हेगारीपट १९५४ साली आला. न्यू जर्सीतील होबोकेन बंदरावर त्याचे चित्रण झाले. गर्दीत खरे गोदी कामगार उभे केले, गुंडांच्या कामाला माजी मुष्टियोद्धे घेतले. संघटना बळकावलेला दादा ली जे. कॉब यांनी रंगविला. त्याच्याविरुद्ध साक्ष देणाऱ्या टेरीच्या भूमिकेसाठी मार्लन ब्रँडो यांना ऑस्कर मिळाले, ते योग्यच. पण दिग्दर्शक एलिया कझान यांनी १९५२ मध्ये आणि कॉब यांनी १९५३ मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीपुढे आपल्याच जुन्या सहकाऱ्यांची नावे सांगितली होती. गुंडाविरुद्धची साक्ष निराळी, सोबत्यांविरुद्धची निराळी. हा भेद आम्ही संघटनेतली माणसे विसरू शकत नाही. तरीही कामाच्या बिल्ल्यासाठी झोंबणारी ती गर्दी आम्हांला खरी वाटते. हातावर पोट असणाऱ्याला तो अभिनय शिकवावा लागत नाही.