स्थिर न राहणारे लक्ष्य : यकृताचा कर्करोग आणि किरणोपचार

१/८
१८९५ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग येथे विल्हेल्म रॉन्टजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. थोड्याच काळात कर्करोगावर त्यांचा वापर सुरू झाला. यकृताच्या कर्करोगाला मात्र या उपचाराच्या दारात कित्येक दशके तिष्ठत राहावे लागले. असे का झाले?

२/८
पहिले कारण यकृताचा नाजूकपणा. १९६५ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथील हेन्री कॅप्लान, माल्कम बॅगशॉ आदी डॉक्टरांनी किरणांमुळे यकृताला होणाऱ्या इजेचे वर्णन केले. संपूर्ण यकृताला जेमतेम ३० ग्रे इतकी मात्रा सोसते. गाठ नष्ट करण्यास याहून बरीच अधिक लागते.

३/८
दुसरे कारण अस्थिरता. श्वासपटलाला लागून असलेले यकृत प्रत्येक श्वासासरशी खालीवर सरकते. शेजारचे जठर आणि आतडी आज भरलेली, तर उद्या रिकामी. आतड्यावर किरणांची मात्रा अधिक पडली, तर व्रण, रक्तस्राव, प्रसंगी छिद्रही संभवते.

४/८
१९७१ मध्ये लंडनमधील रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. पुढे या तंत्रामुळे शरीराच्या आतला त्रिमितीय नकाशा हाती आला. यकृताचा निरोगी भाग वाचवून गाठीला अधिक मात्रा देणे शक्य झाले. मिशिगन विद्यापीठाने या दिशेने महत्त्वाचे काम केले.

५/८
१९९१ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का येथे इंगमार लाक्स आणि हेन्रिक ब्लोमग्रेन यांनी रुग्णाला खास चौकटीत निजवून, पोटावर दाब देऊन श्वासाची हालचाल आवरली व मोजक्याच बैठकांत मोठी मात्रा दिली. तरी नकाशा जुनाच होता. शरीर मात्र रोज नवे.

६/८
१९९७ मध्ये मिशिगनमधील डी यान व सहकाऱ्यांनी ‘अनुकूली किरणोपचारा’चा विचार मांडला : योजना एकदाच आखून थांबू नये, उपचारादरम्यानच्या मोजमापांनुसार ती सुधारत जावी. २००२ मध्ये तेथीलच डेव्हिड जॅफ्रे यांच्या गटाने किरणयंत्रावरच सीटी चित्र घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यामुळे रुग्णाची जागा दुरुस्त करता आली; पण बदललेला आतड्यांचा आकार कसा दुरुस्त करणार?

७/८
उत्तर चुंबकाने दिले. एमआरआयमध्ये मऊ अवयव अधिक स्पष्ट दिसतात. २०१४ मध्ये सेंट लुईस येथे एमआरआय आणि किरणयंत्र यांच्या संयोगाने रुग्णांवर उपचार सुरू झाले. २०१७ मध्ये नेदरलँड्समधील उट्रेख्त येथे अधिक प्रबळ चुंबकाचे यंत्र वापरात आले. रुग्ण मेजावर असतानाच अवयवांच्या सीमा नव्याने आखून मात्रेचे गणित पुन्हा मांडता येते. आतडे जवळ आले असेल तर त्या बाजूची मात्रा घटवायची, दूर गेले असेल तर गाठीला अधिक द्यायची.

८/८
ही सोय स्वस्त नाही. प्रत्येक बैठक लांबते, डॉक्टर व भौतिकशास्त्रज्ञ दोघांनाही हजर राहावे लागते आणि रुग्णाला अधिक वेळ निश्चल पडून राहावे लागते. तरीही या इतिहासातील खरे वळण यंत्राचे नसून विचाराचे आहे. प्रारंभी वैद्यक शरीराला योजनेप्रमाणे स्थिर राहण्यास सांगत होते. आता योजनाच शरीरामागे चालू लागली आहे.