तळटीप : ज्वारीचा विमा

१२. ज्वारीचा विमा : हा उल्लेख सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाच्या ग्राम आरोग्य विम्याचा. डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने तो आसपासच्या गावांत रुजला. हप्ता सुगीच्या दिवसांत ज्वारीत घेत. ज्याची जमीन जास्त, त्याचा वाटा जास्त. अवचित आजारात दाखल झाल्यास उपचार मोफत, बाळंतपणासारख्या आधीच ठाऊक असलेल्या बाबींत मात्र फक्त सवलत. (बायांच्या बाजूने पाहता ही वर्गवारी जरा कोरडीच.) तरी शेतमजूर बाईच्या घरात रोकडीपेक्षा धान्य आधी येते, हे हप्ता ठरवणाऱ्यांनी ओळखले होते. रुग्णालय मुळात डॉ. सुशीला नय्यर यांनी स्त्रिया व मुलांसाठी उभारलेले, अवघ्या १५ खाटांचे. १९६९मध्ये त्याला वैद्यकीय महाविद्यालय जोडले गेले.